वारसा आणि निवड : ‘क्रिश’ चित्रपटमालिकेतील दिग्दर्शकबदलाची चिकित्सा

सारांश : लोकप्रिय चित्रपटमालिकेची सूत्रे एका दिग्दर्शकाकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा नेमके काय हस्तांतरित होते, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. मुंबईत निर्माण झालेल्या ‘क्रिश’ या हिंदी विज्ञानकथापटांच्या मालिकेचे दिग्दर्शन राकेश रोशन यांच्याकडून हृतिक रोशन यांच्याकडे सोपवण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. या निवडीचा विचार मालिकेच्या अंतर्गत आशयाच्या आधारे, परदेशी चित्रपटमालिकांच्या दाखल्यांच्या साहाय्याने आणि मराठी कलापरंपरेतील निकषांच्या प्रकाशात येथे केला आहे.

बीजसंज्ञा : विज्ञानकथापट, चित्रपटमालिका, दिग्दर्शक, वारसा, घराणे, निवडीचे निकष.

१. प्रस्तावना

मार्च २०२५ मध्ये निर्माते-दिग्दर्शक राकेश रोशन यांनी ‘क्रिश’ मालिकेच्या पुढील चित्रपटाचे दिग्दर्शन हृतिक रोशन करणार असल्याचे जाहीर केले. निर्मितीमध्ये यशराज फिल्म्सचे आदित्य चोप्रा सहभागी होणार असल्याचेही त्याच वेळी सांगण्यात आले. ‘कोई... मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) या तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शन स्वतः राकेश रोशन यांनी केले होते. त्यामुळे ही मालिका प्रथमच दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाती जाण्याचा हा प्रसंग होय.

ही बातमी वृत्तपत्रांच्या मनोरंजनाच्या पानांवर पिता-पुत्रांच्या नात्याचा हृद्य प्रसंग म्हणून आली. पंचवीस वर्षांपूर्वी ‘कहो ना... प्यार है’ (२०००) या चित्रपटातून वडिलांनी मुलाला नायक म्हणून पुढे आणले होते. आता तेच त्याला दिग्दर्शक म्हणून पुढे आणत आहेत, असा या घटनेचा भावनिक अर्थ खुद्द राकेश रोशन यांनीही मांडला. हा अर्थ खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. चित्रपटमालिका ही कायद्याने निर्मात्याची मालमत्ता असली, तरी तिचे सांस्कृतिक आयुष्य प्रेक्षकांच्या मनात घडत असते. २००३ साली जी मुले प्राथमिक शाळेत होती, ती आज महाविद्यालयांतून शिकवू लागली आहेत. ‘जादू’ या परग्रहवासीयाची पहिली ओळख त्यांना याच चित्रपटाने करून दिली. श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीसारख्या गावातील मुलापर्यंत आइन्स्टाइन पाठ्यपुस्तकातून पोहोचला असेल; पण आकाशात आणखी कोणी असेल का, हा प्रश्न बहुधा पडद्यावरूनच पोहोचला. अशा मालिकेचा दिग्दर्शक कोण आणि का, हा म्हणूनच केवळ एका कुटुंबाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय निवड हा आहे, निष्पत्ती नव्हे. चित्रपटाच्या यशापयशाचे भाकीत करणे समीक्षेचे काम नाही. निवड ज्या तत्त्वावर झाली ते तत्त्व तपासणे हे मात्र तिचे काम आहे.

२. मालिकेची घडण

कोणत्याही कथामालिकेत तीन घटक पुढील कर्त्याकडे जात असतात. पहिला घटक कथाविश्वाचे नियम. या विश्वात काय शक्य आहे आणि काय अशक्य, हे त्यात ठरते. दुसरा घटक भाववृत्ती, म्हणजे कथा विस्मयाकडे झुकते, भयाकडे की पराक्रमाकडे. तिसरा घटक तंत्र. यांपैकी तंत्र विकत घेता येते, नियम लिहून ठेवता येतात. भाववृत्ती मात्र दिग्दर्शकाच्या दृष्टीतूनच उतरते. ‘क्रिश’ मालिकेत दिग्दर्शक एकच असूनही ही भाववृत्ती तीन चित्रपटांत तीनदा बदलली, ही बाब प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

‘कोई... मिल गया’मध्ये संजय मेहरा हा शास्त्रज्ञ अंतराळात ध्वनिसंकेत पाठवतो. त्याचे सहकारी त्याची थट्टा करतात आणि उत्तर येते त्याच रात्री अपघातात त्याचा अंत होतो. त्याचा मुलगा रोहित बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेला, आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात बसणारा. वडिलांचा जुना संगणक त्याच्या हाती लागतो आणि अपघातानेच आकाशाला साद जाते. येथे विज्ञान हा प्रश्न आहे. उत्तर येईलच याची खात्री नसताना विचारलेला आणि त्यामुळेच उदात्त वाटणारा. या चित्रपटाची तुलना स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९८२ मधील ‘ई. टी.’शी वारंवार झाली. सत्यजित राय यांनी १९६० च्या दशकात लिहिलेल्या, पण पडद्यावर कधीच न आलेल्या ‘द एलियन’ या पटकथेचाही उल्लेख या संदर्भात होतो. मूळ कल्पनेचे ऋण मान्य केल्यानंतरही एक गोष्ट या चित्रपटाची स्वतःची म्हणून उरते. ती म्हणजे समाजाने ‘कमी’ ठरवलेल्या मुलालाच विश्वाने निवडावे, ही कल्पना. या चित्रपटाला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

‘क्रिश’मध्ये विज्ञान हा प्रश्न राहत नाही, ते शक्ती बनते. रोहितला जादूकडून मिळालेले सामर्थ्य त्याचा मुलगा कृष्णा याच्यात जन्मतःच उतरलेले असते. भविष्य दाखवणारे यंत्र रोहितने बनवलेले आहे, पण ते डॉ. आर्य या खलपुरुषाच्या ताब्यात आहे आणि त्या यंत्राची किल्ली रोहितच्या शरीरातच दडलेली आहे. ‘क्रिश ३’मध्ये विज्ञान आणखी एक पाऊल सरकून शस्त्र बनते. प्रयोगशाळेत तयार केलेले विषाणू, मानव आणि प्राणी यांच्या संकरातून घडवलेले अनुचर आणि उद्ध्वस्त होणारे शहर हे या तिसऱ्या चित्रपटाचे मुख्य आकर्षण ठरते. प्रश्न, शक्ती, शस्त्र असा हा प्रवास आहे. तंत्र वाढत गेले आणि विस्मय कमी होत गेला, असे या मालिकेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

मालिकेच्या नावातही याची खूण सापडते. ‘क्रिश २’ या नावाचा चित्रपट अस्तित्वातच नाही. दुसऱ्या चित्रपटाचे नाव ‘क्रिश’ आणि तिसऱ्याचे थेट ‘क्रिश ३’. म्हणजे मोजणी करताना पहिला चित्रपट जमेस धरला गेला, पण मालिकेला नाव मात्र दुसऱ्या चित्रपटाचे मिळाले. पाहुण्याच्या नावापेक्षा वीरनायकाचे नाव मोठे झाले. नव्या दिग्दर्शकाला वारसा मिळणार तो यांपैकी कशाचा, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

३. देणगी आणि रक्त

या मालिकेच्या गाभ्याशी वारसा हीच कल्पना आहे, आणि ती एकसंध नाही. पहिल्या चित्रपटात सामर्थ्य ही देणगी आहे. ती बाहेरून येते, अनोळखी पाहुण्याकडून येते आणि जो तिचा मुळीच हक्कदार मानला गेला नसता त्याला मिळते. दुसऱ्या चित्रपटापासून तेच सामर्थ्य रक्तातून वाहू लागते. आजोबांचे यंत्र, वडिलांची शक्ती आणि मुलाचा मुखवटा अशी मेहरा घराण्याची वंशावळ उभी राहते. जे एकदा दान होते ते पुढे इस्टेट झाले.

परंतु मालिकेने स्वतःच या वंशतत्त्वाला दोन ठिकाणी छेद दिला आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिला छेद मुखवट्याचा. ‘क्रिश’मध्ये कृष्णा आपली ओळख लपवतो आणि क्रिश असल्याचे श्रेय व बक्षीस आपल्या मित्राला, क्रिस्टियनला, घेऊ देतो; कारण मित्राला बहिणीच्या उपचारांसाठी पैशांची गरज असते. ‘क्रिश ३’मध्ये तर दुसऱ्याच्या मदतीला धावणारा प्रत्येक जण क्रिशच आहे, असा विचार स्पष्टपणे मांडला जातो. सामर्थ्य वंशपरंपरागत असले, तरी मुखवटा सार्वजनिक आहे, असा याचा अर्थ होतो.

दुसरा छेद अधिक खोल आहे. ‘क्रिश ३’मधील काल हा खलनायक रोहितच्याच जनुकांपासून प्रयोगशाळेत निर्माण झालेला आहे. म्हणजे कृष्णा आणि काल हे एका अर्थाने एकाच रक्ताचे. एक तारक होतो, दुसरा संहारक. फरक पडतो तो संगोपनाने. कृष्णाला आजीचे प्रेम मिळाले, तर कालच्या वाट्याला पंगू देह आणि त्यापायी आलेला त्याग आला. रक्ताने गुण येत असतील, पण दिशा येत नाही, असे खुद्द कथाच सांगते.

पडद्यामागची निवड या पार्श्वभूमीवर पाहिली, तर ती कथेचेच प्रतिबिंब वाटते. पडद्यावर आजोबा, पिता आणि पुत्र. पडद्यामागे संगीतकार रोशन, त्यांचे पुत्र राकेश व संगीतकार राजेश आणि नातू हृतिक. मालिकेच्या दुसऱ्या तत्त्वाशी, म्हणजे रक्ताच्या तत्त्वाशी, ही निवड पूर्णपणे सुसंगत आहे. पहिल्या तत्त्वाशी, म्हणजे देणगीच्या तत्त्वाशी, ती सुसंगत आहे का, हा खरा समीक्षेचा प्रश्न होय.

४. दिग्दर्शकबदलाचे परदेशी दाखले

दिग्दर्शक बदलल्याने मालिका बिघडतेच असे नाही. उलट अनेकदा ती त्यानेच तगते. रिडले स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) नंतर ‘एलियन्स’ (१९८६) हा चित्रपट जेम्स कॅमेरॉन यांच्याकडे आला. स्कॉट यांनी भयकथा रचली होती, कॅमेरॉन यांनी युद्धकथा रचली. भाववृत्ती पालटली, मात्र त्या हिंस्र प्राण्याच्या जीवनचक्राचे नियम त्यांनी मोडले नाहीत. ते पुढे नेले. तिसऱ्या चित्रपटाचे (१९९२) दिग्दर्शन डेव्हिड फिंचर यांच्याकडे गेले. तो त्यांचा पहिलाच कथापट होता आणि निर्मितीसंस्थेच्या सततच्या हस्तक्षेपामुळे ते या चित्रपटापासून कायमचे दुरावले. पुढे त्याच फिंचर यांनी श्रेष्ठ चित्रपट दिले. नवखेपणा हा दोष नसतो. नवख्या माणसाला कोणत्या परिस्थितीत उभे केले जाते, यावर बरेच अवलंबून असते, हा या उदाहरणाचा बोध.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) चे निर्माते जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या चित्रपटासाठी (१९८०) दिग्दर्शक निवडला तो स्वतःचा शिष्य किंवा आप्त नव्हे, तर आपले एकेकाळचे शिक्षक आयर्विन कर्शनर यांना. भव्य दृश्यांचे काम तंत्रज्ञ करू शकतील, पण पात्रांच्या मनात उतरणारा माणूस हवा, या जाणिवेतून झालेली ती निवड होती. तो चित्रपट या मालिकेतील सर्वोत्तम मानला जातो. आपल्याजवळ जे नाही ते ज्याच्याजवळ आहे त्याला बोलावणे, हे निवडीचे एक महत्त्वाचे तत्त्व यातून हाती येते.

याच मालिकेच्या उत्तरकाळातील उदाहरण प्रस्तुत विषयाशी थेट भिडते. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकासफिल्म विकत घेतल्यावर नव्या तीन चित्रपटांपैकी पहिला जे. जे. अब्राम्स (२०१५) यांनी आणि दुसरा रायन जॉन्सन (२०१७) यांनी दिग्दर्शित केला. तिसऱ्यासाठी निवडलेले कॉलिन ट्रेव्होरो २०१७ मध्ये बाजूला झाले आणि तो पुन्हा अब्राम्स (२०१९) यांच्याकडे आला. या तिन्ही चित्रपटांची नायिका रे. तिचे आईबाप कोण, हे कुतूहल पहिल्या चित्रपटाने निर्माण केले. जॉन्सन यांनी उत्तर दिले की ते कोणीच नव्हते. सामान्य, विस्मृतीत गेलेली माणसे. अब्राम्स यांनी पुढच्याच चित्रपटात तिला जुन्या सम्राटाची नात ठरवले. दिग्दर्शक बदलताच ‘देणगी की रक्त’ या प्रश्नाचे उत्तर बदलले. दिग्दर्शकाची निवड ही तंत्राची नव्हे तर मूल्याची निवड असते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

५. नटाने दिग्दर्शक होणे

हृतिक रोशन यांच्या बाजूने तीन गोष्टी ठामपणे मांडता येतात. पहिली, ते या मालिकेतील एकमेव अखंड सूत्र आहेत. रोहितचे बालसुलभ शरीर, त्याचे प्रौढपण, वृद्धत्व आणि कृष्णाचा पराक्रम हे सारे त्यांनीच साकारले. ‘कोई... मिल गया’मधील अभिनयासाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार लाभला. दुसरी, दिग्दर्शनाचे शिक्षण त्यांना घरात फुकट मिळाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. नायक होण्यापूर्वी ‘करण अर्जुन’ (१९९५) आणि ‘कोयला’ (१९९७) यांसारख्या वडिलांच्या चित्रपटांत त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले आहे. तिसरी, मालिकेचे बलस्थान दृश्यपरिणामांत नसून रोहितच्या निरागसतेत आहे, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? भाववृत्तीचा वारसा नटाच्या अंगात साठलेला असू शकतो.

मात्र येथेही एक बोलका दाखला उपलब्ध आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांनी तिसऱ्या (१९८४) आणि चौथ्या (१९८६) चित्रपटाचे दिग्दर्शन केले. कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांनी पाचव्याचे (१९८९) केले. निमॉय यशस्वी झाले. शॅटनर यांचा चित्रपट टीकेचा धनी ठरला आणि व्यवसायातही मागे पडला. दोघेही त्याच मालिकेचे नट, दोघांनाही पात्रांची सारखीच जाण. मग फरक कोठे पडला?

दोन कारणे संभवतात. तिसऱ्या चित्रपटाच्या कथेत स्पॉक मृत मानलेला आहे आणि प्रौढ स्पॉक अगदी शेवटी अवतरतो. त्यामुळे निमॉय यांना दिग्दर्शनाचा पहिला धडा बहुतांशी कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून गिरवता आला. शॅटनर यांना मात्र पहिल्याच प्रयत्नात कथेच्या केंद्रस्थानी उभे राहून स्वतःलाच दिग्दर्शित करावे लागले. दुसरे कारण निवडीच्या तत्त्वाशी निगडित आहे. दोन्ही नटांना समान वागणूक देण्याचे कलम त्यांच्या करारांत होते. निमॉय यांना दिग्दर्शन मिळाले म्हणून शॅटनर यांचाही त्यावर हक्क निर्माण झाला. कथेला कोण हवे, यापेक्षा कोणाचे देणे आहे, हा विचार तेथे वरचढ ठरला.

हृतिक रोशन यांच्यापुढचे आव्हान या दृष्टीने निमॉय यांच्यापेक्षा शॅटनर यांच्या अधिक जवळचे आहे. मालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटात त्यांनी दुहेरी भूमिका केल्या. दृश्यपरिणामप्रधान चित्रपटात नट रिकाम्या पडद्यासमोर उभा राहून न दिसणाऱ्या गोष्टीकडे पाहत असतो. त्या क्षणी त्याची नजर योग्य पातळीवर आहे का, भाव अतिरंजित होतो आहे का, हे सांगणारा दुसरा डोळा अत्यावश्यक असतो. आजवर तो डोळा वडिलांचा होता. ‘एलियन’ मालिकेत फिंचर यांच्या वाट्याला नको इतका हस्तक्षेप आला. येथे धोका नेमका उलटा आहे. नायक, दिग्दर्शक आणि निर्मात्याचा पुत्र या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्यावर चित्रीकरणस्थळी ‘हे जमले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य कोण दाखवणार?

६. मालिका कोणाची?

दिग्दर्शकबदलाचा दुसरा एक भारतीय प्रसंग तुलनेसाठी उपयुक्त आहे. शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा अदृश्य होण्याच्या यंत्राभोवती गुंफलेला लोकप्रिय चित्रपट. फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी त्याच नावाने तीन चित्रपटांची घोषणा केली. तेव्हा आपल्याला कोणी विचारलेही नाही, अशी खंत शेखर कपूर यांनी जाहीरपणे व्यक्त केली. त्यावर मूळ पटकथेचे सहलेखक जावेद अख्तर यांनी कथा, पात्रे आणि संवाद लेखकांचे असताना दिग्दर्शकाचा हक्क लेखकाहून अधिक कसा, असा प्रतिप्रश्न केला.

या वादात तीन दावेदार समोर आले. हक्क बाळगणारा निर्माता, कल्पना देणारा लेखक आणि तिला रूप देणारा दिग्दर्शक. ‘क्रिश’ मालिकेत असा वाद उद्भवला नाही, कारण निर्माता, दिग्दर्शक आणि कथेचा एक कर्ता या तिन्ही नात्यांनी राकेश रोशनच तेथे उभे होते. वाद नसणे हे सौख्याचे लक्षण खरे. परंतु ज्या प्रश्नांची चर्चा वादामुळे तरी झाली असती, ते प्रश्न येथे विचारलेच गेले नाहीत. पुढील चित्रपटासाठी लागणाऱ्या मोठ्या खर्चाची अडचण राकेश रोशन यांनी मुलाखतींतून बोलून दाखवली होती. अशा वेळी प्रसिद्ध नायकाचे नाव दिग्दर्शक म्हणून पुढे करणे हा भांडवल उभारणीचाही एक मार्ग ठरतो. हे आर्थिक वास्तव समीक्षेने नाकारू नये. मात्र त्याला कलात्मक कारण समजण्याची गल्लतही करू नये.

७. मराठी परंपरेतील निकष

वारसा आणि गुणवत्ता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मराठी सांस्कृतिक जीवनाला नवा नाही. अभिजात संगीतातील ‘घराणे’ या शब्दात घर आहे, परंतु घराण्याची गायकी केवळ रक्ताने पुढे गेलेली नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची विद्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे गेली, ती शिष्यत्वाने. मोगूबाईंकडून ती किशोरी आमोणकरांकडे आली. त्या कन्याही होत्या आणि शिष्याही. त्यांनी घराण्याच्या चौकटीत भावाला असे स्थान दिले की सनातनी रसिकांनी त्यांच्यावर घराणे सोडल्याचा आक्षेप घेतला. कन्या असल्याने त्यांना गायकी लाभली असेल, पण ती मोडून पुन्हा घडवण्याचा अधिकार त्यांनी रियाजाने मिळवला. कलावारसदार आप्त असू नये, असे कोणी म्हणणार नाही. आप्तपणा ही पात्रता नव्हे, एवढेच या उदाहरणातून सिद्ध होते.

मराठी चित्रपटातही याचे एक वेगळे रूप दिसते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचूच्या बाहुल्याने एका पिढीला झपाटले. वीस वर्षांनी ‘झपाटलेला २’ (२०१३) आला, तेव्हा कोठारे यांनी दिग्दर्शनाची सूत्रे आपल्याकडेच ठेवली आणि पुत्र आदिनाथ यांना नायकाच्या भूमिकेत आणले. म्हणजे कथेतील पिढी बदलली, पण कथनाची दृष्टी तीच राहिली. ‘क्रिश’मध्ये याच्या उलट घडते आहे. चेहरा तोच राहतो आणि दृष्टी बदलते. प्रेक्षकाला ओळखीचा चेहरा दिसत असल्याने दृष्टीतील बदल त्याच्या सहज लक्षात येत नाही. म्हणूनच तेथे समीक्षकाने अधिक सावध असणे आवश्यक ठरते.

विज्ञानकथेच्या क्षेत्रात तर मराठीने निवडीचा एक आदर्शच घालून दिला आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांची होती. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, कारण परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा प्रभाव पडू नये अशी त्यांची इच्छा होती. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञानकथेत प्रवेश केला तो आपले नाव बाजूला ठेवून. २०२५ च्या मार्चमध्ये ‘क्रिश’ची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात डॉ. नारळीकरांचे निधन झाले. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु निवडीची दोन टोके म्हणून त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एका ठिकाणी नाव झाकून कृती पुढे केली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी कृती यायची असताना नाव पुढे आले आहे.

अर्थात कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटाचा दिग्दर्शक स्पर्धा घेऊन, नाव झाकून निवडता येणार नाही, हे उघड आहे. दिग्दर्शन हे कागदावर तपासण्याचे काम नव्हे. पण पारख करण्याचे मार्ग ग्रामीण समाजालाही अपरिचित नाहीत. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात आलेला शेतकरी खोंडाची पैदास कोणती, हे अवश्य विचारतो. परंतु दात पाहिल्याशिवाय आणि चालवून पाहिल्याशिवाय तो सौदा करीत नाही. पैदास विचारणे गैर नाही. पैदास ऐकून पैसे मोजणे गैर आहे. चित्रपटाच्या बाबतीत हे ‘चालवून पाहणे’ म्हणजे आधी एखादा लहान कथापट, एखादी छोटी मालिका किंवा निदान मुख्य चित्रपटातील एखाद्या भागाचे स्वतंत्र दिग्दर्शन. निमॉय यांनीही त्या चित्रपटापूर्वी दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले होते.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, दिग्दर्शकाची निवड ही मालिकेच्या मूल्याची निवड असते. ‘क्रिश’ मालिकेत देणगी आणि रक्त ही दोन परस्परविरोधी मूल्ये आरंभापासून नांदत आली आहेत. पडद्यामागील निवडीने दुसऱ्या मूल्याला बळ दिले आहे. दोन, मालिकेची खरी झीज तंत्रात झालेली नसून विस्मयात झालेली आहे. ती भरून काढणे हेच नव्या दिग्दर्शकाचे पहिले कर्तव्य ठरते, आणि त्यासाठी रोहितला आतून ओळखणारा नट ही वरवर वाटते तितकी अयोग्य निवड नाही. तीन, नट आणि दिग्दर्शक एकच असताना चित्रीकरणस्थळी आणि संकलनकक्षात स्वतंत्र, निर्भीड असा दुसरा डोळा असणे ही सोय नव्हे, तर अट मानली पाहिजे. तो डोळा कुटुंबाबाहेरचा असेल तर अधिक बरे. चार, भविष्यात अशा मालिकांची सूत्रे सोपवताना कर्शनर यांच्या निवडीमागील तत्त्व, म्हणजे आपल्याजवळ नाही ते ज्याच्याजवळ आहे त्याचा शोध, हेच अधिक फलदायी ठरेल.

या चर्चेला आणखी एक बाजू आहे आणि ती चित्रपटसृष्टीपुरती मर्यादित नाही. पुण्याची राष्ट्रीय चित्रपटसंस्था १९६० पासून दिग्दर्शक घडवत आली आहे. आज खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांतून भ्रमणध्वनीवर लघुपट तयार करणारी मुले-मुली दिसतात. विज्ञानाची पदवी घेणाऱ्या आणि गोष्ट सांगण्याची ओढ असणाऱ्या अशा विद्यार्थ्याला ‘कोई... मिल गया’ने एक आश्वासन दिले होते. आकाशातून येणारा पाहुणा आडनाव विचारत नाही, वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या खांद्यावरही तो हात ठेवतो, हे ते आश्वासन. मालिकेची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, यापेक्षा ते आश्वासन नव्या चित्रपटात जिवंत राहते की नाही, यावरच या निवडीचे अंतिम मूल्यमापन व्हायला हवे. हृतिक रोशन यांनी मालिकेचे सामर्थ्य पुढे नेले, तर ते वडिलांचे वारस ठरतील. तिचे आश्वासन पुढे नेले, तर ते तिचे दिग्दर्शक ठरतील.